बंदूक परत मिळाली तर

शारजा, १२ नोव्हेंबर १९९९

दत्ताराम भावजींना आशीर्वाद.

मी सुखरूप आहे. चौदाव्या मजल्यावर माणूस सुखरूपच असतो, कुठे जायलाच मिळत नाही तर पडणार कुठे.

पत्र लिहायला बसले कारण फोनवर तुमच्या तोंडातून शब्द फुटत नाही. राजाभाऊ महिन्यातून एकदा फोन लावून देतो, तो वाजतो नाक्यावरच्या दुकानात, आणि तिथली रिकामटेकडी माणसं कान लावून असतात म्हणून तुम्ही नुसतं 'हो वहिनी, नाही वहिनी' करता. दीर आहात माझे, पोलिसाला जबानी दिल्यासारखं काय बोलता? आता कागदावर बोला. माझं शिक्षण तिसरीपर्यंतच, तेव्हा अक्षराला हसू नका. तुमचं तरी सातवीला राहून काय भलं झालंय.

आता कामाचं. इलेक्शन झालं, निकाल लागला, दिवाळी झाली. ऑगस्टात मी स्वतः पोलीस ठाण्यात नेऊन जमा केलेली आपली ठासणीची बंदूक परत आली का? इलेक्शन लागलं की जमा करायची आणि निकाल लागला की आणायची, हे तुमचे दादा होते तेव्हापासून चाललंय. ते गेले, शेती संरक्षणाचा परवाना माझ्या नावावर झाला, तेव्हापासून मीच नेते, मीच आणते. आजवर कधी एवढा वेळ लागला नाही.

घाई का ते सांगते. गणपतीला राजा आला होता तेव्हा म्हणाला, आई, वाडीच्या टोकाला तू एकटी, त्यात घरात बंदूकही नाही, चल माझ्याबरोबर. मी म्हटलं, बंदूक येईपर्यंत येते. त्यावर सुनेसमोर, अनुपमासमोर, त्याने ठराव केला. बंदूक परत मिळाली तर त्याच आठवड्यात तिकीट काढतो. नाही मिळाली तर कायमचं इथंच राहायचं. मी हो म्हणून बसले. मला वाटलं पंधरवड्याचा प्रश्न आहे.

इथं वाईट काही नाही. राजा सकाळी हमरियाला कंपनीत जातो तो काळोख पडल्यावर येतो. अनुपमा नोकरी करून स्वयंपाकही करते, मला विळीला हात लावू देत नाही. वैभवीला विचारते, जेवलीस का, तर म्हणते 'आय ॲम नॉट हंग्री, आजी'. एवढं इंग्रजी मला आता कळतं. पण भावजी, माणसाने किती दिवस पाहुणचार घ्यायचा? देव सुद्धा दीड दिवसाने, फार तर अकराव्या दिवशी उठतो.

इथं पोस्टमन दारावर येत नाही. राजाच्या कंपनीच्या पेटीत पत्र पडतं. मागे पत्ता लिहिलाय, तो बघून बघून उतरवा.

तुमची वहिनी


निवेखोल, ८ डिसेंबर १९९९

तीर्थरूप वहिनीस दत्तारामचा नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. ओळी सगळ्या चढणीला लागल्यागत वर वर गेल्यात. लिफ्टमध्ये बसून लिहिलंत की काय?

बंदूक आलेली नाही. तुमचीच नाही, कोणाचीच नाही. ठाण्यात साहेब नवा आलाय. तो म्हणतो, वरून लेखी आदेश आल्याशिवाय एकही देणार नाही. मी दोनदा जाऊन आलो. तालुक्यातल्या सगळ्या बंदुका एका खोलीत उभ्या करून ठेवल्यात, दाराच्या फटीतून दिसतात. तुमची लगेच ओळखली, दस्त्याला तुमच्या जुन्या लुगड्याचा हिरवा काठ बांधलेला आहे. भिंतीकडे तोंड करून उभी होती, शिक्षा झाल्यासारखी.

वानरांना ही बातमी कोणी दिली कोण जाणे, पण त्यांना कळलंय. पूर्वी तुम्ही एक बार काढलात की दोन दिवस फिरकायची नाहीत. आता पडवीत येऊन बसतात. शहाळं पोखरतात, पाणी पितात, आणि खाली टाकताना बघून टाकतात की कोणाच्या टाळक्यात बसतंय. रात्री डुकरं, दिवसा ही. आमची प्रज्ञा तुमच्या आणि आमच्या दोन्ही बागांत डबा बडवत फिरते. सून म्हणून आणली आणि ताशेवाली झाली.

पण ऐका. मार्चात अधिवेशन मुंबईला आहे. तेव्हा कोकणातल्या सगळ्या परवानेवाल्यांनी विधानभवनावर मोर्चा न्यायचं ठरलंय. मागणी एकच, आमच्या बंदुका आम्हाला द्या. सगळं शांततेत. हातात काठीसुद्धा न्यायची नाही, अशी सक्त ताकीद आहे. बंदूकवाल्यांचा मोर्चा आणि हात रिकामे. परवान्यावर दुसरं नाव माझं आहे म्हणून मी जाईन, पण खरी शोभा तुम्ही असतात तर आली असती. मंत्र्यांना नुसतं तुमच्यासमोर अर्धा तास बसवलं असतं तरी पुरलं असतं.

दत्ताराम


शारजा, १४ जानेवारी २०००

भावजींना आशीर्वाद. तिळगूळ अनुपमाने केलाय, तुमच्या वाटचा मी खाल्ला.

मोर्चाचं वाचून बरं वाटलं. राजाला सांगितलं तर त्याने आधी खिडकी लावून घेतली. चौदाव्या मजल्याची. म्हणाला, आई, इथं मोर्चाबिर्चाचं नाव काढायचं नसतं, व्हिसाचा प्रॉब्लेम होईल. मी म्हटलं, मोर्चा मुंबईत आहे. म्हणाला, तरी. मला वाटलं होतं माणूस परदेशात जाऊन मोठा होतो. हा लिफ्टमध्ये सुद्धा हळू बोलतो. पण त्याला हसत नाही मी, पोटासाठी माणूस दबून राहतो, आणि त्याच पोटावर आमच्या घराचं छप्पर शाकारलं गेलंय.

शेजारी मैमुनाबी म्हणून आहे, आपल्याच खाडीपलीकडची. ईदला शीरखुर्मा घेऊन आली आणि माझ्या कानाला इतक्या दिवसांनी आपलं बोलणं ऐकायला मिळालं. तिचा भाचा खैरुद्दीन, हमरियालाच क्रेनवर आहे, तो पुढच्या आठवड्यात रजेवर गावी येतोय. त्याच्याकडे तुमच्यासाठी एक वस्तू देते आहे.

रोल्याच्या बाजारात अनुपमाबरोबर गेले होते. तिथं खेळण्याच्या दुकानात एक बंदूक टांगलेली. घोडा ओढला की पुढे लाल दिवा लागतो आणि टर्रर्र असा आवाज येतो, की दुकानातलं एक पोर रडायलाच लागलं. मी म्हटलं, ही द्या. पंधरा दिरहम, म्हणजे पावणेदोनशे रुपये, अनुपमाने तिथल्या तिथे गुणाकार करून दाखवला. दुकानदार मला म्हणाला, 'लो हबीबी'. मी अनुपमाला विचारलं, काय म्हणाला. ती म्हणाली, लाडाने म्हणतात, सगळ्यांनाच. तुमच्या दादांनी एवढ्या संसारात 'अगं'च्या पुढे मजल मारली नव्हती.

सरकार खरी देत नाही तोवर ही वाजवा. पण माडाच्या आडून वाजवा, दिसू देऊ नका. वानर आवाजाला भितं, डोळ्यांनी बघितलं की हुशार होतं. माझ्या जुन्या साडीत गुंडाळून दिली आहे, साडी प्रज्ञाला द्या, डबा बडवल्याबद्दल.

तुमची वहिनी


निवेखोल, १६ फेब्रुवारी २०००

वहिनीस नमस्कार.

तुमची तोफ पोचली. खैरुद्दीन कसा पोचला ते त्याच्या तोंडून ऐका असं म्हणणार होतो, पण तो तुमचं नाव काढलं की दोन्ही हात जोडतो.

मुंबईच्या विमानतळावर कस्टमात त्याची बॅग उचलताना आपटली आणि आत टर्रर्र सुरू झालं. थांबेचना. शिपाई धावले. हा बिचारा तिथंच जमिनीवर बसला आणि म्हणाला, "साब, हमारे गाँव की बुढ्ढी ने बंदरों के लिए भेजी है." ते ऐकून त्यांना होता त्यापेक्षा दुप्पट संशय आला. मग मोठे साहेब आले. बॅग उघडली. साडीचे वेढे सोडवता सोडवता त्यांची दमछाक झाली, बाळंतिणीला बांधावं तशी बांधली होतीत तुम्ही. साहेब निघाले देवरूखचे. घोडा ओढून बघितला, दिवा बघितला आणि खैरुद्दीनला बाजूला घेऊन विचारलं, "डुकरांना चालेल काय हो?"

पहिले काही दिवस तुमच्या आयडियाने कमाल केली. वानरं पार ओढ्यापलीकडे गेली. मग मी चूक केली, एकदा उघड्यावर येऊन वाजवलं. आता म्होरक्या समोरच्या फांदीवर बसून ऐकतो आणि पिल्लांना दिवा दाखवायला आणतो.

मोर्चा एकोणतीस मार्चला. प्रज्ञाने बायकांना जमवून एक गोष्ट काढली आहे. प्रत्येकाने वानराने पोखरलेलं एक एक शहाळं घेऊन यायचं. दगड नाही, काठी नाही, हा आमचा पुरावा. आमच्याकडे पुराव्याची टंचाई नाही, पोतं भरलंसुद्धा. ती स्वतः यायचं म्हणते. मी म्हटलं, बागेत डबा कोण बडवणार? म्हणाली, तुमचा मुलगा चार दिवस रजा काढेल. धनंजय गपचूप हो म्हणाला. आमच्या घरात आता कोणाचा हुकूम चालतो ते तुम्ही ओळखलंच असेल.

ओळी अजून वर चढतायत तुमच्या. गच्चीवर पोचाल अशाने.

दत्ताराम


शारजा, १० मार्च २०००

भावजी,

ओळींची चौकशी पुरे. राजाने डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. मोतीबिंदू आहे म्हणाला, सगळ्याच म्हाताऱ्यांना असतो. थेंब दिलेत.

मोर्चाचा विचार केला. शहाळ्याची गोष्ट चांगली, तुमची सून तुमच्यापेक्षा शहाणी आहे. माझं एवढंच सांगणं की ती खेळण्याची बंदूक मोर्चाला न्या. काठी नको असं ठरलंय, खेळणं नको असं कोणी म्हटलेलं नाही. नेऊन दाखवा की सरकारने आमच्यावर काय वेळ आणली आहे.

आणि कोणी विचारलं तर सांगा, तुम्ही हिची बंदूक ठेवून घेतलीत म्हणून एक बाई अरबस्तानात अडकून पडली आहे. रडून सांगू नका, नुसतं सांगा.

राजाने हे पत्र वाचलं आणि म्हणाला, आई, फाड ते, पोलीस पकडतील काकांना. मी त्याच्यासमोर फाडलं. मग हे दुसरं लिहिलं, तेच. मैमुनाबीकडून पोस्टात टाकते आहे.

तुमची वहिनी


निवेखोल, ४ एप्रिल २०००

वहिनीस साष्टांग नमस्कार. उद्या पाडवा आहे, पण मला आजच गोड बातमी लिहायची आहे.

कोकण रेल्वेने गेलो. विधानभवनापर्यंत कोणाला सोडत नाहीत, मोर्चा आझाद मैदानात बसवतात. मंडणगडापासून सावंतवाडीपर्यंतची माणसं आली होती. काहींच्या खांद्यावर नुसता रिकामा पट्टा, बंदूक नसलेला. एक म्हातारा दारू ठासायचा गज तेवढा घेऊन आला होता, तो गेटवरच काढून घेतला, तर म्हणाला, "ठेवा, त्याला घरी एकटं वाटत होतं." ऊन असं की डोक्यावरच्या टोपीखाली भात शिजावा. पोलीस आमच्यापेक्षा जास्त. शहाळ्यांचं पोतं उघडून बघितलं, विचारलं, हे काय? प्रज्ञा म्हणाली, पुरावा. त्यांनी एक उलटं केलं, आतून मुंग्या निघाल्या, तेव्हा पोतं सोडलं.

तुमची तोफ माझ्या पिशवीत, पिशवी मांडीखाली. घोषणा चालल्या होत्या, 'डुकरं आली, माकडं आली, बंदूक आमची कुठे गेली?' मी जरा सरकून बसायला गेलो आणि मांडीखालून टर्रर्र.

वहिनी, मैदान गप्प झालं. पोलीस धावत आले. एवढी माणसं, एकाने पळायला सुरुवात केली असती तर चेंगराचेंगरी झाली असती. पण आमचे पुढारी मास्तर एवढंच म्हणाले, "बसा." आणि सगळे बसले. उभे होते ते बसले, बसलेले होते ते अजून खाली बसले. उभा राहिलो तो मी एकटाच, टर्रर्र ऐकून दचकून उठलो होतो तो.

फौजदार म्हणाला, "पिशवीत काय आहे?"

मी म्हटलं, "बंदूक."

"कोणाची?"

"वहिनीची."

मागे कोणीतरी फसकन हसलं. त्याने पिशवी उघडायला लावली, खेळणं हातात घेतलं, उलटं सुलटं केलं, घोडा ओढला. लाल दिवा लागला. त्याच्याही तोंडाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, पण वर्दी होती अंगात. म्हणाला, "जमा करावी लागेल."

मला काय सुचलं देव जाणे. मी हात जोडले आणि म्हटलं, "साहेब, जमा तेवढी करू नका. ऑगस्टात एक जमा केली, ती अजून परत मिळाली नाही."

मग जो हशा उठला तो पार रस्त्यापर्यंत. पोलीसही हसले. आणि तिथल्या तिथे नवी घोषणा तयार झाली, 'खरी ठेवा, खोटी ठेवा, परत कधी ते तरी सांगा.' फोटोवाले धावले. दुसऱ्या दिवशी पेपरात फौजदाराच्या हातात तुमची तोफ, आणि मागे माझं अर्धं तोंड.

दुपारी पाचजणांना आत बोलावलं, विधानभवनात. एक बाई हवी म्हणून प्रज्ञाला नेलं. तिने मंत्र्यांच्या टेबलावर शहाळं ठेवलं. म्हणाली, साहेब, बाहेरून चांगलं दिसतं, हातात घेऊन बघा. त्यांनी घेतलं, पिसासारखं हलकं. मग तिने तुमचं सांगितलं. मंत्री म्हणाले, आजी आता कुठे असतात? ती म्हणाली, शारजाला. कशासाठी? ही म्हणाली, बंदूक येईपर्यंत. शहाळं खाली ठेवून ते समोरच्या अधिकाऱ्याला म्हणाले, अक्षयतृतीयेच्या आत हे निकालात काढा.

संध्याकाळी फौजदाराने खेळणं परत केलं. सेल उतरले होते. दिवसभर वाजवलं असणार.

तेव्हा वहिनी, सामान बांधायला घ्या.

दत्ताराम


हमरिया, २२ एप्रिल २०००

ती. दत्ताराम काकांस राजाभाऊचा नमस्कार.

ऑफिसमधून लिहितोय, आईला कळू देऊ नका. तुमचं पत्र तिने आम्हाला दोनदा वाचून दाखवायला लावलं. अनुपमा, वैभवी पोट धरून हसल्या, मीही हसलो. मग रात्रभर टेन्शन.

काका, आईला मोतीबिंदू नाही. काचबिंदू आहे. उजव्या डोळ्याने जवळजवळ दिसत नाही, डावाही जायला लागलाय. डॉक्टर म्हणाले, ड्रॉप्स रेग्युलर टाकले तर स्लो होईल, पण गेलेली नजर परत येणार नाही. ऑपरेशनचा उपयोग नाही. खलास. आम्ही तिला मोतीबिंदू सांगितलंय. परवा लिफ्टमध्ये चुकीचं बटण दाबून ती आठव्या मजल्यावर एका पेशावरच्या कुटुंबाच्या दारावर उभी होती आणि त्यांनाच विचारत होती की तुम्ही माझ्या घरात काय करता. ते भले लोक, वर आणून सोडलं.

अशा बाईला त्या टोकाच्या घरात एकटी कशी पाठवू? तिच्या हातात बंदूक कशी देऊ? पण मी अनुपमासमोर शब्द दिलाय आणि आई तो विसरणारी नाही. म्हणून प्लीज, बंदूक मिळाली तरी मिळाली नाही असं लिहा. आणखी एक वर्ष लागेल म्हणा. माझं खोटं ती तोंडावर पकडते. तुमचं मानते.

मी वाईट माणूस नाही काका. मला आई जवळ हवी आहे.

राजाभाऊ


निवेखोल, १२ मे २०००

तीर्थरूप वहिनींच्या चरणी दत्तारामचा शिरसाष्टांग नमस्कार.

आपले आशीर्वादाने येथील सर्व कुशल आहे. आपली प्रकृती उत्तम असेल अशी आशा आहे. बंदुकीबाबत कळविण्यास खेद वाटतो की आदेश आला असला तरी काही अडचणींमुळे ती अद्याप परत मिळालेली नाही. आणखी वर्षभर लागेल असे समजते. तरी काळजी नसावी. तेथे आपण सुखात राहावे. चि. राजाभाऊ व कुटुंबीयांस आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक
दत्ताराम


निवेखोल, १२ मे २०००

राजा,

तू सांगितलंस तसं लिहून तिला पाठवलंय. बंदूक अक्षयतृतीयेच्या आदल्या दिवशीच आणली. माझ्या माजघरात उभी आहे. येता जाता माझ्याकडे बघते. प्रज्ञा माझ्याशी बोलत नाही. म्हणते, विधानभवनात मी ज्या बाईचं नाव घेऊन बोलले तिलाच तुम्ही फसवलंत.

तुझी भीती मला समजते रे, म्हणून केलं. एकदाच केलं. पुन्हा सांगू नकोस.

काका


शारजा, २६ मे २०००

भावजी,

तुमचं पत्र मिळालं. त्यात वानर नाही, टोमणा नाही, माझ्या ओळींची चौकशी नाही. 'काळजी नसावी' म्हणे. मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही चड्डीत होतात. तेव्हापासून आजवर मला काळजी नसावी असं तुम्ही कधी म्हटलेलं नाही. तुमच्या दादांना नेलं त्या दिवशीसुद्धा नाही. त्या दिवशी म्हणाला होतात, वहिनी, चहा टाका, लोक आलेत. तेव्हा मी पत्र खाली ठेवलं आणि समजले की बंदूक आली.

रात्री जेवताना राजाला विचारलं, "बंदूक कधी आली रे?" त्याचा घास तोंडातच राहिला. म्हटलं, आधी गीळ, मग बोल. ताटावर खोटं बोलायची सवय लावलेली नाही त्याला. म्हणाला, अक्षयतृतीयेच्या आदल्या दिवशी. मग सगळंच म्हणाला.

काचबिंदूचं मला ठाऊक आहे. मोतीबिंदू कापतात, मैमुनाबीच्या बहिणीचा कापला आणि ती आठ दिवसांत सुईत दोरा ओवायला लागली. माझ्या डोळ्यात हे रोज थेंब टाकतात आणि टाकताना अनुपमा श्वास रोखून धरते. एवढं न कळायला मी काय दुधखुळी आहे? त्यांनी मला सांगितलं नाही, मी त्यांना सांगितलं नाही. सगळेच सुखात होतो.

राजा म्हणाला, आई, दिसत नाही तर नेम कसा धरणार?

मी म्हटलं, नेम मी कधी धरला? दस्ता खांद्याला लावायचा, नळी आभाळाकडे करायची, दोन्ही डोळे गच्च मिटायचे आणि बार काढायचा. धुराने डोळे झोंबतात म्हणून पहिल्या दिवसापासून मिटूनच काढते. आजवर वानराला नाही, डुकराला नाही, माडालासुद्धा लागलेला नाही. ते ऐकून अनुपमा हसायला लागली आणि हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला. तिचा जीव आहे माझ्यावर, मला विळी देत नसली तरी.

राजा हसला नाही. म्हणाला, "आणि पूर्ण गेले डोळे तर?"

मी म्हटलं, जायचेच असतील तर जिथं पायांना वाट ठाऊक आहे तिथं जाऊ देत. माझ्या घरात उंबरा कुठे, पाटाचं पाणी कुठे वळतं, कुठल्या माडाचं मूळ वर आलंय, हे डोळ्यांना विचारावं लागत नाही. इथं मला सगळं बटणांवर वाचावं लागतं. इथं आंधळी झाले तर तू मला सोफ्यावर बसवशील आणि मी तिथंच बसून राहीन, तुझी चांगली व्यवस्था म्हणून. तुला आई हवी आहे ना? विमान दोन्हीकडून उडतं.

वैभवी इतका वेळ पोळी चिवडत होती, ती म्हणाली, "पप्पा, यू प्रॉमिस्ड." हेही इंग्रजी मला कळलं. राजा उठला, हात धुतला, खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. मग वळून म्हणाला, थेंब एक दिवससुद्धा चुकवायचे नाहीत, आणि दर शुक्रवारी फोन. मी म्हटलं, फोन तुझ्या काकाला जमत नाही, प्रज्ञाला देईन. तो ठीक आहे म्हणाला आणि सकाळी तिकिटाचं बघून आला. मृग लागायच्या आधी पोचते.

तुमचा राग नाही. पोराची दया आली म्हणून केलंत. पण खोटं लिहायला तुम्हाला जमत नाही, तेव्हा त्या धंद्यात पडू नका. दारू ठासायचं काम यापुढे तुमचं, परवान्यावर नाव आहे तर हातही काळे होऊ देत. बार मीच काढणार.

आणि शेवटची गोष्ट. स्टेशनवर मला घ्यायला तुम्ही येऊ नका. तुम्ही लोकांदेखत माझा हात धराल. प्रज्ञाला पाठवा. तिला सांगा, पुढे चालायचं, मागे वळून बघायचं नाही, नुसतं बोलत राहायचं. मी तिच्या आवाजामागून येईन.

तुमची वहिनी